कोणाच्या गटात गेल्याने आपली सरहद्द राखली जाणार नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भारताने आता इकडे ना तिकडे असं राहणं सोडावं, सरळ अमेरिकेच्या लष्करी गटात जावं, म्हणजे चीन गप्प बसेल, अशा अर्थाची पत्रं तुमच्याकडे अधूनमधून येतात आणि सकाळी टेकडीवर गेलं तरी हीच चर्चा असते. मला हे अजिबात पटत नाही.

अमेरिकेचा लष्करी गट म्हणजे नाटो, आणि नाटो म्हटलं की त्याच्या कराराचं कलम ५, एकावर हल्ला तो सगळ्यांवर, एवढंच सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की प्रत्येक देशाने त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई करायची, म्हणजे फौज पाठवायची का नुसता निषेध करायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि लगेच पुढच्या कलम ६ मध्ये हद्दच आखून टाकलीये, मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या वरचा अटलांटिक, त्याबाहेर काही झालं तर कोणी बांधील नाही.

याचा चांगला अनुभव कोणाला आला असेल तर पोर्तुगालला, आणि तोही आपल्या गोव्यात. मे १९५५ मध्ये पुण्याचे नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रही घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला, गोऱ्यांना तर मोठी शिक्षा झाली, घरोघरच्या वयस्कर लोकांना हे अजून आठवत असेल. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर निवेदन काढून गोव्याला चक्क पोर्तुगालचा प्रांत म्हणून टाकलं, आपल्याकडे केवढा संताप झाला होता. पोर्तुगाल तर १९४९ पासूनचा नाटोचा संस्थापक सदस्य, शिवाय ब्रिटनशी त्यांचा दोस्तीचा करार १३७३ सालचा! पण डिसेंबर १९६१ मध्ये आपली फौज आत गेली तेव्हा दीड दिवसात सगळं आटोपलं आणि नाटोचा एक शिपाई आला नाही, ब्रिटननेही लढायला नकार दिला. सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध ठराव आला, तो रशियाने व्हेटो करून पाडला, बस्स. मोठ्या देशाला स्वतःचं नुकसान दिसलं की करार कपाटात जातो.

पाकिस्तानचं पण तेच झालं. सीटो, सेंटो या अमेरिकेच्या बाजूच्या दोन्ही लष्करी गटांत होते, १९६५ ला अमेरिकेने शस्त्रंच थांबवली आणि १९७१ ला त्यांची विमानवाहू युद्धनौका एंटरप्राइझ बंगालच्या उपसागरात येऊनही ढाका गेलंच. कोणी म्हणेल की तेव्हा आपला रशियाशी करार होता ना, होता, ९ ऑगस्ट १९७१ चा, पण त्यातही धोका आला तर ताबडतोब सल्लामसलत करायची एवढंच होतं, पूर्व बंगालात लढले ते आपलेच जवान आणि मुक्तिबाहिनी.

फिनलंड, स्वीडन नाटोत गेले ते त्यांच्या जागी बरोबर आहेत, फिनलंडची रशियाला लागून तेराशे किलोमीटरची सरहद्द आहे आणि ती नाटोच्या हद्दीतच येते. लडाख येत नाही. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबरच्या क्वाड गटात आपण आहोत पण तिथे एकमेकांसाठी लढायचं वचन कोणीच दिलेलं नाही.

आणि मैत्रीच्या फोटोंवर तर विश्वास ठेवूच नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये चीनचे सैनिक इथे पुण्यात आपल्या औंधच्या लष्करी छावणीत 'हँड इन हँड' सरावाला आले होते, दोन्हीकडचे जवान दहशतवाद्यांविरुद्ध एकत्र कसं लढायचं ते शिकत होते. आणि पुढे त्याच चीनशी जून २०१७ ला डोकलामला तणातणी, जून २०२० ला गलवानला झटापट, आपले वीस जवान गेले. मला ते अजून सहन होत नाही.

मग करायचं काय, तर सगळ्यांशी बोलायचं, सगळ्यांकडून घ्यायचं, पण जे अडकवून ठेवतं ते घरी बनवायचं. रशियाच्या एस-४०० या हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१८ चा, युक्रेनचं युद्ध पेटलं आणि डिलिव्हरी लांबली. २०२१ मध्ये ८३ तेजस लढाऊ विमानांची ऑर्डर दिली, त्यांची अमेरिकन इंजिनं वेळेवर आली नाहीत. दोन्ही मित्र, आणि दोन्हीकडे आपण ताटकळत. उलट पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत डिझाइन झालेली अटॅग्ज तोफ बघा, १५५ मिलिमीटरची, चाळीस किलोमीटरच्या पुढे मारा करते, मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांची ऑर्डर निघाली आणि त्यातल्या जास्त तोफा पुण्याचीच भारत फोर्ज बनवणार आहे. ती देताना आपल्याला वॉशिंग्टन किंवा मॉस्को कोणाचा मूड सांभाळावा लागणार नाही.

तुम्हाला कळकळीची विनंती आहे की ट्रम्प काय म्हणाले, पुतिन काय म्हणाले याला रोज अर्धं पान जातं त्यातलं थोडं या कामाला द्या. कावेरी या आपल्या देशी जेट इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली, ते लढाऊ विमानात अजून का बसलं नाही, पैसा कमी पडला का धातू का टेस्टिंगची सोय, हे एखाद्या जाणकाराकडून नीट लिहून घ्या.

आपला,
एक वाचक, पाषाण, पुणे