झडप बदलल्यानंतरच्या आयसीयूचे पैसे कापल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

माझ्या आईची (वय 68) हृदयाची एओर्टिक झडप जूनमध्ये मिरजेत बदलली. ऑपरेशनचे पैसे आपण दिले, त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या 6 दिवसांच्या आयसीयूची. त्याचे 1,92,000 रुपये आपण कापले आणि कारण लिहिले, 'हृदयाचा स्नायू जाड असल्याचा जुना आजार विमा घेताना लपवला.'

दुसऱ्या रात्री आईचे बीपी 70 वर आले. मला आत बोलावले तेव्हा तिचे पाय गार पडले होते, मी तळवे चोळत उभा होतो. बीपी वाढवायचे औषध वाढवत नेले, तसे बीपी आणखी उतरत गेले. मग डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला आणि तेच औषध बंद करायला लावले. आम्ही घाबरलोच. सलाईन वाढवले, ठोके मंद करणारे औषध दिले. पहाटेपर्यंत बीपी 100 च्या वर आले.

डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून मला समजावले. झडप अरुंद झाली की हृदयाला रक्त जोर लावून ढकलावे लागते. वर्षानुवर्षे तो जोर लावून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, आतली जागा कमी होते. नवी झडप बसली की पुढची अडचण एकदम जाते, पण स्नायूला सवय जुन्याच जोराची. तो इतका आवळतो की झडपेखालची रक्ताची वाट बुजते, आणि जोर वाढवणाऱ्या औषधाने जास्तच बुजते. मग यात दुसरा आजार कुठला? ज्या अरुंद झडपेच्या ऑपरेशनचा खर्च आपण मंजूर केला, तिच्यामुळेच हे झाले. डिस्चार्ज कार्डावर तसे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीए कंपनीने ते पान वाचलेले दिसत नाही.

पॉलिसी 2016 पासून अखंड चालू आहे. मार्केट यार्डातून हळदीची पट्टी हातात आली की आधी आपला हप्ता भरतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांप्रमाणे सलग 60 महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचे कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. 2016 साली आई दिवसभर रानात भांगलण करायची, तिला साधा दमही लागत नव्हता. आपले पत्र मी तिला वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली, "मी काय लपिवलं रं?"

कापलेली पूर्ण रक्कम द्यावी. 'लपवला' हा शब्द मागे घेतल्याचे पत्र आईच्या नावाने पाठवावे, ते मला पैशांइतकेच महत्त्वाचे आहे. क्लेम नाकारण्याआधी आपल्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी घेतली होती का, हेही लेखी कळवावे. महिन्याभरात उत्तर न आल्यास मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करणार आहे.

सोबत डिस्चार्ज कार्ड, दोन्ही इकोचे रिपोर्ट आणि आयसीयूची बिले जोडली आहेत.

आपला,
पॉलिसीधारक
तासगाव, जि. सांगली