शिवणीतली माया

आदरणीय मास्टरजी,

सादर नमस्कार.

इंदूरच्या रामबागेतल्या आपल्या दुकानात मी गेली १५ वर्षे कपडे शिवायला येतो आहे आणि एवढ्या काळात आपले बोलणे झाले ते बाह्यांची लांबी आणि दिवाळीपूर्वी कपडे मिळतील की नाही एवढ्यापुरतेच. त्यामुळे हे पत्र पाहून आपल्याला संकोच वाटेल याची मला कल्पना आहे. तरीही ते चारचौघांसमोर लिहितो आहे, कारण दुकानात येऊन आभार मानायला लागलो तर आपण टेप गळ्यात टाकून ‘अहो, त्यात काय’ म्हणत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळाल आणि माझे म्हणणे माझ्याच तोंडात राहील.

२६ वर्षे ओढलेली सिगारेट मी गेल्या नवरात्रात सोडली. ही माझी तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही वेळा मी हरलो तो सिगारेटच्या तलफेपुढे नव्हे, तर भुकेपुढे, आणि हे कोणाला सांगितले की ऐकणारा हसत असे. सकाळी शेव आणि जिरावण मसाला घातलेली पोह्यांची एक प्लेट मला पूर्वी दुपारपर्यंत पुरे. आता दुसरी प्लेट आणि वर जिलेबी संपल्यावरही हात आपला काहीतरी शोधतच राही. सराफ्याच्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराच्या, वाटेला मी जाणेच सोडले, पण त्याने काय होणार? रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातला दिवा न लावता, झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून शेवेचा डबा पोटाशी धरून उघडणारा पन्नाशीचा माणूस कसा दिसत असेल, याचा विचार मी तो डबा अर्धा झाल्यावरच करत असे.

ज्यांनी अशा वेळी मदत करावी, त्यांनी काय केले तेही लिहितो. ज्या डॉक्टरांकडे मी गेलो, त्यांनी मला काट्यावर उभे केले, ‘सहा किलो वाढलंय, तोंडावर ताबा ठेवा’ एवढे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. सिगारेट सोडल्याचे मी सांगितले होते, त्यावर त्यांनी मान वरदेखील केली नाही. कार्यालयातला एक मित्र म्हणाला, ‘यापेक्षा ओढत होतास तेव्हा बरा दिसायचास.’ दुसऱ्या खेपेला एका लग्नात जवळच्या नातलगाने भर पंगतीत माझ्या पोटावर थाप मारली आणि ‘महिना कितवा?’ असे विचारले. घरी परतताना मी पाकीट विकत घेतले होते.

अशा मनःस्थितीत मी आपल्याकडे पॅन्ट सैल करून घ्यायला आलो होतो, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा. माप घेताना आपण आकडे मोठ्याने सांगता आणि मशीनपाशी बसलेला मुलगा ते वहीत उतरवतो, ही आपल्या दुकानाची जुनी पद्धत. त्या संध्याकाळी दुकानात आणखी तिघे होते, त्यांतले एक माझ्या कार्यालयातले. टेप कमरेभोवती आली, आपण आकडा पाहिला, मुलाने सवयीने पेन्सिल सरसावून ‘हं?’ केले, आणि आपण एक शब्दही न बोलता त्याच्या हातातली वही घेतली, आकडा स्वतः लिहिला आणि वही मिटून ठेवली. लांबीचा आकडा मात्र नेहमीप्रमाणे मोठ्याने सांगितलात. कंबरेचा तेवढा कोणाला ऐकू जाऊ दिला नाहीत. मास्टरजी, त्या क्षणी मला रडू आवरले ते केवळ समोर आरसा होता म्हणून.

बाकीचे लोक गेल्यावर आपण पॅन्टचा खिसा उलटा केलात आणि म्हणालात, ‘पूर्वी यात तंबाखूचा चुरा सापडायचा, आता शेवेचा सापडतो. सोडलीत ना?’ मग आपली बिडी कशी सुटली आणि तेव्हा आपण दिवसभर कसे खात सुटला होता, ते सांगितलेत. ‘आत दोन इंच माया आहे, ती सोडतो, कापड कापत नाही. कमरेचं माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त सिगारेटचं बघा,’ हे आपले शब्द मी जसेच्या तसे लक्षात ठेवले आहेत. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड. आणि खावेसे वाटले की पॅन्टच्या एका पायाची तुरपाई होते तेवढा वेळ थांबून पाहायचे, पाणी प्यायचे, तरीही वाटलेच तर फुटाणे किंवा काकडी खायची, ही आपली युक्ती. तलफ साधारण पाच-दहा मिनिटांत ओसरते असे मी पुढे वाचले. आपण ते घड्याळ न पाहता सुईवर मोजून ठेवले होते.

सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्यासाठीच्या मदत क्रमांकावर फोन करून पाहिलात का, हेही आपणच विचारलेत. तो क्रमांक माझ्या डोळ्यांसमोरून शेकडो वेळा गेला होता. शेवटी फोन केला, तेव्हा तिथल्या समुपदेशकाने सांगितले की निकोटीन भूक दाबते आणि शरीराचा ऊर्जाखर्चही किंचित वाढवते. ते बंद झाले की भूक मोकळी सुटते, खर्च थोडा घटतो, त्यात जिभेची चव आणि नाकाचा वास परत येतो आणि तोंडाशी काहीतरी नेण्याची हाताची सवय तशीच राहते. पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढते, त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत, आणि सिगारेट सोडत असतानाच कडक डाएट करण्याचा हट्ट धरू नये. एवढी चार वाक्ये मला आधीच्या दोन खेपांना कोणी ऐकवली असती, तर ती भूक मी स्वतःच्या स्वभावातली खोट समजलो नसतो.

दुसऱ्याचे उणे दिसत असूनही ते मोठ्याने न वाचणारी माणसे अजून आहेत, आणि ती बहुधा मोठ्या खुर्च्यांवर नसतात. आपण त्या दिवशी शिलाई घेतलीत, पूर्ण घेतलीत, हेही मला आवडले. उपकार केल्याचा भाव त्यात कुठेच नव्हता.

आता सात महिने झाले. शेवेचा डबा दिवा लावून उघडतो आणि बहुतेक वेळा वाटीभरावर थांबतो. एकदोन किलो उतरले आहेत, जास्त नाही. पुतणीच्या लग्नासाठी नवी पॅन्ट शिवायची आहे, पुढच्या आठवड्यात कापड घेऊन येतो. कंबरेचा आकडा फारसा कमी झालेला नसेल, पण या वेळी तो मोठ्याने सांगा आणि मुलाला लिहू द्या. आतली माया मात्र पूर्वीइतकीच ठेवा.

आपला,
रामबागेतले एक जुने गिऱ्हाईक
इंदूर