बाबांचे ऑपरेशन चिपळूणलाच करायचे ठरवले आहे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांनी "सुपारी निघू दे, मग बघू" असे म्हणून विषय मिटवला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दादाशी आणि इथे घरी सविस्तर बोलून मी ठरवले आहे की बाबांच्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया दसरा झाल्याबरोबर, मुंबईला न आणता चिपळूणलाच, आणि मोफत उपचारांच्या सरकारी योजनेतून करायची. सर्जनना मी सगळे रिपोर्ट दाखवले आहेत आणि त्यांनी दिवसही दिला आहे.

बाबा, मुंबईला नको असे म्हणताना लेकीला तुमची अडचण होते असा अर्थ कृपया काढू नका. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि लघवीची नळी लावलेल्या माणसाने ते जिने चढणे मला पाहवणार नाही. शिवाय ऑपरेशननंतर दाखवायला जावेच लागते, आणि मध्येच एखाद्या रात्री लघवी अडली तर आपल्याला ओळखणारा डॉक्टर गुहागरहून गाठता येईल एवढ्या अंतरावर असावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मोठ्या शहरातला नावाजलेला डॉक्टर अशा रात्री आपल्या उपयोगाचा नाही. आजोबांच्या वेळचे सगळे आईला आठवत असेलच.

तुम्ही म्हणालात की ही योजना पिवळ्या कार्डवाल्यांची, आपले केशरी, आपण दुसऱ्याच्या तोंडचा घास घेऊ नये. हे तुमच्या स्वभावाला धरूनच आहे, पण आता तसे राहिलेले नाही. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती सुरू झाली तेव्हा उत्पन्नाची अट होती. पुढे 2017 मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि 2024 पासून ती कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डासाठी खुली आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. त्याशिवाय सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, मोफत उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, ज्याची सुरुवात 29 ऑक्टोबर 2024 रोजी झाली. तुम्ही बहात्तर वर्षांचे आहात. हा कुणाचा उपकार नाही आणि त्यासाठी कुणाचा हक्कही हिरावला जात नाही. आईने गादीखाली ठेवलेल्या आंब्याच्या पैशांना हात लावायचा नाही.

डॉक्टर शोधताना मला एक गोष्ट कळली, ती पुढे आईच्या गुडघ्यांच्या वेळीही लागेल, म्हणून लिहून ठेवते. योजनेत डॉक्टर नसतात, रुग्णालय असते, आणि तेही ठरावीक विभागांपुरते. एका ठिकाणी "हो, आमच्याकडे योजना आहे" असे ऐकून मी निश्चिंत झाले होते, पण खोदून विचारल्यावर समजले की तिथे ती फक्त हाडांच्या विभागाला लागू आहे आणि मूत्रविकाराचे पैसे रोख भरावे लागतील. काही शस्त्रक्रिया तर केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. म्हणून चिपळूणला मी आधी आरोग्यमित्राला गाठले. योजनेतल्या रुग्णालयात हा माणूस मदतीसाठी बसलेला असतो. याच शस्त्रक्रियेसाठी, याच रुग्णालयात, हेच सर्जन, अशा तिन्ही गोष्टी त्याच्याकडून पक्क्या करून घेतल्या आणि मगच तुम्हाला कळवत आहे.

आता काळजीचे. पोट कापायचे नाही. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात आणि लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेटचा वाढलेला भाग काढतात. त्यानंतर दोन-तीन दिवस नळी राहते. खाट जनरल वॉर्डातली असेल, हे आधीच सांगते, पण मी वॉर्ड पाहून आले आहे, स्वच्छ आहे, आणि न्हाणीघर खाटेपासून चार पावलांवर आहे. बाबा, रात्री चार-चार वेळा उठून, बॅटरी घेऊन, पावसात खळे ओलांडून मागच्या संडासापर्यंत जाणे आता पुरे झाले. माजघराच्या बाजूला कमोड बसवायला दादाने गवंड्याला सांगितले आहे आणि पैसेही दिले आहेत, त्यावर वाद घालू नये.

माझा हात मोडला होता तेव्हा धोपाव्याहून होडीने खाडी ओलांडून, मग दाभोळहून एस.टी.ने तुम्ही मला दापोलीला नेले होते. होडी हलू लागली की तुम्ही तुमच्या पंच्याने माझा हात स्वतःच्या छातीशी बांधून धरत होतात, आणि मी रडू नये म्हणून मोठ्याने पाढे म्हणत होतात. त्या वेळी पैसे कुठून उभे केलेत ते तुम्ही आजवर सांगितले नाही आणि मीही विचारणार नाही. पण आता डॉक्टर शोधायची पाळी माझी आहे, ती मला घेऊ द्या.

आई, रेशनकार्ड आणि दोघांची आधार कार्डे फडताळातून काढून ठेव. रेशनकार्डावर बाबांचे नाव "अनंता" आहे आणि आधारवर "अनंत". एवढ्या एका कान्यासाठी खेपा पडतात, म्हणून पुढच्या सोमवारी शेजारच्या बंड्यादादाला घेऊन तहसील कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्यायचाच आहे. बाबा रक्त पातळ होण्याची जी छोटी पांढरी गोळी घेतात, तिचे पाकीट बरोबर आण. ती किती दिवस आधी थांबवायची हे सर्जनच सांगतील, तोवर बाबांनी आपल्या मनाने बंद करू नये. दाखल झाल्यावर रिपोर्ट वर पाठवतात आणि मंजुरी आली की ऑपरेशन होते. त्यात वेळ गेला म्हणून "चला घरी" म्हणायचे नाही. योजनेतल्या उपचारासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर भरू नका, आरोग्यमित्राला सांगा, नाहीतर 155388 वर फोन करा.

रुग्णालयात रुग्णाला जेवण मिळते, तरी बाबांना मऊ आटवल भात आणि मेतकूट लागणार हे मला ठाऊक आहे. डबा मी करीन. आदल्या दिवशी दिवा पॅसेंजरने मी येते आणि डिस्चार्ज झाल्यावर आठ दिवस घरीच राहते, रजा मंजूर झाली आहे. घरी आल्यावर बाबांनी भरपूर पाणी प्यायचे, महिनाभर कळशी उचलायची नाही, स्कूटरला हात लावायचा नाही, आणि वाडीचे शिंपणे बंड्यादादा करील. दोन आठवड्यांनी लघवीत थोडे रक्त दिसू शकते, तेव्हा घाबरायचे नाही, पण लपवायचेही नाही, मला लगेच सांगायचे.

पत्र मिळाल्यावर आईने फोन करावा, आणि बाबांनी तो हातात घेऊन "हो" एवढे म्हणावे.

तुमची,
बेबी