मंत्र्यांना तारीख नको, टप्पा विचारा

संपादक महोदय,

फलटण-पंढरपूर आणि कराड-चिपळूण हे नवे रेल्वेमार्ग, पुणे-मिरज रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणानंतरच्या गाड्या, फाटकांच्या जागी आलेले भुयारी मार्ग. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या विषयांवर निवेदनांची टंचाई कधीच नव्हती. मंत्री आले की शिष्टमंडळ विश्रामगृहावर जाते, निवेदन देते, ‘आम्ही सकारात्मक आहोत’ हे उत्तर घेऊन परतते आणि दुसऱ्या दिवशी तेच छापून येते. मंत्री टाळाटाळ करतात हे खरेच. पण आपणही प्रश्न असा विचारतो की ‘लवकरच’ म्हटले की तो संपतो. ‘रेल्वे कधी होणार?’ याने कोणताही मंत्री अडचणीत येत नाही. प्रकल्प आज कोणत्या टप्प्यावर आहे, पुढचा कागद कोणत्या कार्यालयात आहे आणि यंदा त्यावर किती रुपये ठेवले आहेत, असे विचारले की मात्र आकडा, दिनांक आणि कार्यालयाचे नाव द्यावे लागते. दिले नाही तर न दिल्याची नोंद राहते.

‘मंजूर’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. सर्वेक्षण मंजूर झाले तरी पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात प्राथमिक सर्वेक्षण, अंतिम मार्ग निश्चितीचे सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल, नीती आयोगाचा अभिप्राय, मोठ्या खर्चाच्या कामाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता, मग सविस्तर अंदाजपत्रक, भूसंपादन, निविदा आणि शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी, एवढा हा प्रवास आहे. (सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात.) सर्वेक्षणाच्या मंजुरीत एक इंचही रूळ नसतो. म्हणून मंत्री ‘मंजूर’ म्हणाले की तिथेच विचारावे: काय मंजूर? सर्वेक्षण, अहवाल, की काम?

याचे उत्तर पडताळायला मंत्र्यांची गरजही नाही. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाला, तरी केंद्रीय अर्थसंकल्पानंतर रेल्वेच्या कामांची झोनवार यादी निघते. तिला सगळे ‘पिंक बुक’ म्हणतात. आपला भाग मध्य रेल्वेच्या यादीत शोधायचा. नवे मार्ग ११ क्रमांकाच्या खर्चशीर्षाखाली, दुहेरीकरण १५ खाली, फाटकांची कामे २९, उड्डाणपूल व भुयारी पूल ३०, प्रवासी सुविधा ५३. कामाच्या नावापुढे ते कोणत्या वर्षी समाविष्ट झाले, अपेक्षित खर्च किती, आतापर्यंत खर्च किती आणि यंदाची तरतूद किती, हे दिलेले असते. आकडे हजार रुपयांत असतात, हे विसरले तर मोठा घोटाळा होतो. तरतुदीच्या रकान्यात नुसता ‘१’ दिसला तर तो एक कोटी नव्हे, एक हजार रुपये. काम यादीतून वगळलेले नाही एवढेच त्या हजार रुपयांनी सिद्ध होते. अपेक्षित खर्चातून झालेला खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला यंदाच्या तरतुदीने भागा. याच गतीने किती वर्षे लागतील ते निघते. खासदारांनी ही एक ओळ तोंडपाठ करून सभागृहात जावे, अशी आमची अपेक्षा आहे.

राज्याला एकूण किती मिळाले, हा आकडा यासाठी कामाचा नाही. २००९ ते २०१४ या काळात महाराष्ट्राला वर्षाला सरासरी १,१७१ कोटी मिळत होते आणि २०२५-२६ साठी २३,७७८ कोटींची तरतूद होती, असे सांगितले जाते. वाढ मोठी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातले फलटणच्या पुढच्या मार्गावर किती, हे त्या आकड्यात दिसत नाही.

फलटण-पंढरपूर हेच उदाहरण घेऊ. लांबी १०५ किलोमीटर, समावेश २०१८-१९ मध्ये, अंदाजे खर्च १,८४२ कोटी रुपये आणि अट अशी की निम्मा भार राज्याने उचलायचा. म्हणजे राज्याचा वाटा ९२१ कोटी. त्याच्या अलीकडच्या लोणंद ते फलटण मार्गावर रूळ टाकून झाले, गाडीही धावली. पुढचे काम या निम्म्या वाट्यापाशी रेंगाळले. निम्म्या-निम्म्या खर्चाच्या प्रकल्पांत जबाबदारी नेमकी दोन सरकारांच्या मधल्या फटीत पडते. केंद्र म्हणते राज्याने पैसे भरले नाहीत, राज्य म्हणते केंद्राने काम सुरू केले नाही, आणि दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. म्हणून एकच प्रश्न एकाच आठवड्यात दोन ठिकाणी जायला हवा. रेल्वेमंत्र्यांना: राज्याकडे वाट्याची मागणी कोणत्या दिनांकाच्या पत्राने केली, किती रकमेची? राज्याच्या परिवहन मंत्र्यांना: त्या पत्राला उत्तर कधी दिले, अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत किती रक्कम दाखवली आणि प्रत्यक्ष वितरणाचा शासन निर्णय कोणता? मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता, अर्थसंकल्पातील तरतूद आणि रक्कम वर्ग होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषणात तिन्ही एकच होतात. कराड-चिपळूण कागदावर येऊन दशक उलटले. तिथे तर खासगी भागीदारीचा मार्ग बारगळल्यानंतर आता काम कोणत्या पद्धतीने करायचे, हेच आधी लेखी घ्यावे लागेल.

उशिराची किंमत किती असते ते अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाने दाखवले आहे. सुमारे २६१ किलोमीटरचा तो मार्ग १९९५ च्या सुमारास ३५३ कोटींचा होता. पुढे अंदाज ४,८०० कोटींवर गेला आणि बीडपर्यंत गाडी सप्टेंबर २०२५ मध्ये पोहोचली. तोही निम्म्या वाट्याचाच प्रकल्प. आज ९२१ कोटी जड वाटत असतील तर दहा वर्षांनंतरचा निम्मा वाटा किती असेल, हे राज्याच्या अर्थखात्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. लोकसभेत रेल्वेचा दिवस बुधवार, राज्यसभेत शुक्रवार. प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, तेही सोडतीने; तारांकितांपैकी तोंडी उत्तरापर्यंत मोजकेच पोहोचतात. प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. ज्याचे उत्तर येऊन गेले तो प्रश्न पुन्हा विचारता येत नाही, आणि ढिसाळ प्रश्नाचे खरे नुकसान इथे होते. ‘सातारा जिल्ह्यातील रेल्वे प्रकल्पांची सद्यस्थिती काय?’ असे विचारले की ठरलेला परिच्छेद येतो. रेल्वे प्रकल्प राज्यवार नव्हे तर झोनवार मंजूर होतात, आणि ते पूर्ण होणे राज्याकडून होणारे भूसंपादन, वन विभागाची परवानगी, आड येणाऱ्या वाहिन्या हलवणे, भूरचना, कायदा-सुव्यवस्था, वर्षातले कामाचे महिने यांवर अवलंबून असते, असा त्याचा आशय. यातले एकही कारण खोटे नाही. पण आपल्या मार्गावर नेमके कोणते लागू आहे ते त्यात नसते आणि तो विषय त्या अधिवेशनापुरता खर्ची पडतो.

त्याऐवजी असे विचारावे: अमुक स्थानक ते अमुक स्थानक या टप्प्यासाठी एकूण किती हेक्टर जमीन लागणार; पैकी किती हेक्टरची संयुक्त मोजणी झाली, किती हेक्टरच्या मोबदल्याचा निवाडा झाला, किती हेक्टरचा ताबा मिळाला; रेल्वेने भूसंपादन अधिकाऱ्याकडे किती रक्कम कोणत्या दिनांकास जमा केली. मंत्रालयाने ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ असे उत्तर दिले तर ते आश्वासन म्हणून नोंदवले जाऊ शकते आणि आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत करणे अपेक्षित असते. संसदेच्या दोन्ही सभागृहांत शासकीय आश्वासन समित्या आहेत, मंत्री त्यांचे सदस्य नसतात, आणि मुदत वाढवून घ्यायची तर मंत्रालयाला समितीपुढे कारण द्यावे लागते. विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. आपल्या भागाची किती आश्वासने तिथे पडून आहेत, हे आमदार-खासदारांनी वर्षातून एकदा जाहीर करावे. उत्तर अपुरे असेल तर लोकसभेत अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना देता येते. हे हत्यार फार कमी वापरले जाते.

भूसंपादनाचे तपशील मागण्याचे कारण असे की खोळंबा बहुधा तिथेच असतो आणि त्याची कारणे अगदी स्थानिक असतात. सातबाऱ्यावर मयताचे नाव, वारसनोंद झालेली नाही, म्हणून मोबदला कोणाला द्यायचा ते ठरत नाही. जुने हद्दीचे दगड आणि नकाशा जुळत नाहीत. बागायत असून नोंद जिरायत. विहीर, उपसा सिंचनाची पाइपलाइन, द्राक्षबागेचा मांडव यांचे मूल्यांकन वेगवेगळ्या खात्यांकडून यायचे असते. एक आले तरी दुसरे येत नाही. हे सारे प्रांत कार्यालय आणि भूमी अभिलेख यांच्या हातात आहे, म्हणजे जाब महसूलमंत्री आणि पालकमंत्री यांना विचारायचा. दिल्लीला निवेदन पाठवून कोरेगावची मोजणी होत नाही.

दुहेरीकरणाबद्दल एक गैरसमज दूर करावासा वाटतो. पुणे-मिरज या सुमारे २८० किलोमीटरच्या मार्गाचे दुहेरीकरण २०१५-१६ मध्ये मंजूर झाले आणि टप्प्याटप्प्याने मार्ग खुला होत गेला. दुसरा रूळ आला की गाड्या आपोआप वाढतात असे नाही. गाडीसाठी डबे लागतात, त्यांच्या देखभालीची पिट लाइन लागते आणि पुण्यात फलाट मोकळा लागतो. पुण्याचा फलाट हीच खरी गाठ आहे. म्हणून मागणी ‘गाड्या वाढवा’ अशी न करता, प्रत्येक खंडाची मार्गक्षमता दुहेरीकरणापूर्वी दिवसाला किती गाड्यांची होती, आता किती आहे आणि वाढलेल्या क्षमतेतील किती वाटा प्रवासी गाड्यांना दिला, हे मागावे. रेल्वे हा हिशेब खंडवार ठेवते. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, ती आठवड्यातून तीन दिवस. रोज नोकरीला जाणाऱ्या किर्लोस्करवाडी किंवा मसूरच्या प्रवाशाला हवी आहे ती सकाळ-संध्याकाळची साधी गाडी. मिरजेचा पेच आणखी वेगळा. पुण्याची बाजू पुणे विभागात, पंढरपूर-कुर्डुवाडीची बाजू सोलापूर विभागात आणि बेळगावकडची बाजू दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात. जोडगाडीची वेळ चुकते तेव्हा तिन्ही विभागांना लेखी विचारावे लागते.

भुयारी मार्गांचे हाल पावसाळ्यात सगळ्यांना दिसतात. फाटक बंद करून रुळांखाली काँक्रीटची पेटी ढकलली की रेल्वेचे काम संपते. पोहोचरस्ता आणि पाण्याचा निचरा पुढे राज्य शासनाकडे किंवा स्थानिक संस्थेकडे येतो. काळ्या मातीत, पाट-ओढ्याच्या शेजारी, भुयाराचा तळ ओढ्याच्या पात्राखाली गेला तर पाणी उताराने निघूच शकत नाही, पंप लागतोच. मग पंप किती अश्वशक्तीचा, वीज गेली तर जनरेटर आहे का, बिल कोण भरणार, गाळ कोण काढणार, हे काम सुरू होण्यापूर्वी संमतीपत्रात लिहिलेले हवे. उंचीचेही तेच. मर्यादित उंचीच्या भुयारातून मोटार जाते, उसाने भरलेली गाडी अडते आणि गळिताच्या हंगामात गावाला लांबचा वळसा पडतो. ग्रामपंचायतीने संमती देण्याआधी निचऱ्याचा नकाशा आणि मोकळी उंची या दोन गोष्टी मागितल्याच पाहिजेत. नंतर मागून उपयोग नसतो, कारण पेटी पुन्हा उचलता येत नाही. एक लाख वाहन-गाडी एककांच्या (दिवसभरातील रस्त्यावरची वाहने गुणिले रेल्वेगाड्या) वरच्या फाटकावर खर्चविभागणीतून उड्डाणपूल होऊ शकतो. त्यासाठीची वाहनगणना उसाच्या हंगामात करा, असा आग्रह धरावा.

कागद मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार आहेच. केंद्रीय कार्यालयाकडे दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. ‘काम का रखडले?’ असे विचारले की ‘अशी माहिती अभिलेखात नाही’ असे उत्तर येते आणि ते कायद्यात बसते. ‘मागील तीन महिन्यांच्या प्रगती अहवालांची प्रमाणित प्रत’ मागितली तर द्यावी लागते. राज्याच्या दाखले-परवान्यांसारख्या सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात विनाकारण विलंबाला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. दंड अधिकाऱ्याला होतो, पण एखाद्या खात्यात किती जणांना झाला हे सभागृहात विचारले की उत्तर मंत्र्यालाच द्यावे लागते.

आमची विनंती दोन्ही जिल्ह्यांतील प्रवासी संघटनांना आणि आपल्या वृत्तपत्रालाही आहे. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की रेल्वेच्या पहिल्या बुधवारपासून पंधरा पूर्ण दिवस मागे मोजावेत, त्याआधी प्रत्येक प्रकल्पाचा एकेक प्रश्न वर सांगितल्याप्रमाणे लिहून खासदारांच्या हाती द्यावा आणि राज्याच्या वाट्याचा प्रश्न त्याच वेळी आमदारांकडे. उत्तर आले की ते जसेच्या तसे छापावे, त्याशेजारी पिंक बुकमधील ओळ छापावी. पुढच्या दौऱ्यात मंत्र्यांना निवेदनाऐवजी ते कात्रण द्यावे.

आपले,
कोरेगाव आणि मिरज येथील काही नियमित वाचक