माझी मुलगी 'भावंडे सांभाळणे' या रकान्यातली नाही: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: शाळाबाह्य मुलांच्या यादीतील चुकीच्या नोंदीबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुपारी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला एक शिक्षिका आल्या. पावसात भिजल्या होत्या, फॉर्म मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवले होते. मी टॉवेल दिला, चहा दिला. मुलं कुठल्या शाळेत जातात, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोठी आठ वर्षांची, धाकट्याला सहा पूर्ण झाली, दोघांना आम्ही घरीच शिकवतो. बाईंनी फॉर्म वरून खालपर्यंत पाहिला. "ताई, असा रकानाच नाही हो," म्हणाल्या. मग कारणांवरून बोट फिरवत एका ठिकाणी खूण केली, माझी सही घेतली आणि पुढच्या विंगकडे गेल्या. मी न वाचता सही केली. मोठीने मात्र टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूने वाचलं होतं. दार लावल्यावर तिने विचारलं, "मी याला सांभाळते म्हणून शाळेत जात नाही, असं का लिहिलं?"

खूण 'भावंडे सांभाळणे' यावर होती.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांना रकाना दिला असता तर त्यांनी तो भरला असता. दुसऱ्या दिवशी मी शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेले. दीड तास बसवून साहेबांनी सांगितलं, "जवळच्या शाळेत नाव घाला, नोंद आपोआप निघेल." घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद करा म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये गेले होते, तेव्हा याच टेबलावर मला सांगितलं होतं की लेखी अर्ज द्या, 15 दिवसांत लेखी उत्तर मिळेल. तेरा महिने झाले. मी पाच खेपा घातल्या. एकदा साहेब बैठकीला, एकदा साहेब रजेवर, एकदा फाईल वर गेलेली, एकदा फाईल सापडत नाही. पाचव्या खेपेला हे उत्तर.

मुलं घरी ठेवायची हौस आम्हाला नव्हती. मोठी पहिलीला होती तेव्हा सकाळी 6.20 ला तिची बस यायची. वर्गात 54 मुलं. पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक असावा, असं तुमचाच कायदा सांगतो. दिवसात दोनदाच लघवीला जायची परवानगी असल्यामुळे पोरीने पाणी पिणंच सोडलं. भरून दिलेली बाटली भरलेलीच परत यायची आणि मला वाटायचं, शाळेत फिल्टरचं पाणी पीत असेल. दिवाळीनंतर तिला लघवीचा संसर्ग झाला, 103 ताप, तीन रात्री उशाशी बसून काढल्या. डॉक्टरांनी विचारलं, ही पाणी किती पिते? तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. शाळेत विचारायला गेले तर ते म्हणाले, शिस्त सगळ्यांना सारखी. मी ऐरोलीतली नोकरी सोडली. सासूबाई सहा महिने माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. माझ्या आईने फोनवर विचारलं, "मुलीला अडाणी ठेवणार का गं?" आमच्या घरात एकच पगार उरला, गाडी विकली. हे सगळं सोसून आम्ही शिकवत होतो आणि सरकारी कागदावर ती भाऊ सांभाळणारी मुलगी झाली.

महापालिकेच्या शाळेत का नाही घातलं, हे तुम्ही विचाराल. गेले होते. तिथल्या बाई मनापासून शिकवणाऱ्या होत्या. पण दोन वर्ग एकत्र घेऊन बसल्या होत्या, कारण सोबतच्या शिक्षिका मतदार यादीच्या कामावर गेलेल्या.

ती काय शिकते, हे तुमच्या खात्यातल्या एकानेही विचारलं नाही. जांभळी नाक्याच्या मंडईत ती पाव किलो, अर्धा किलोचा हिशेब तोंडी करते. येऊरला पाहिलेल्या पळसाची, काटेसावरीची चित्रं तिच्या वहीत आहेत, प्रत्येकाखाली तारीख. हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की त्यांच्या माना का वाकड्या, हे तिने स्वतः शोधलं: चोच पाण्यात उलटी धरून ते चिखलातून खाणं गाळून घेतात. मराठी आणि इंग्रजी वाचते. पाढे मात्र तेराच्या पुढे अडतात, तेही सांगते.

कायदा मी वाचलाय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 पाल्याला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणतं, त्यापुढे पालकाला शिक्षा सांगत नाही. 2012 मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात आधी सांगितलं की घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, आणि नंतर भूमिका फिरवली. तेव्हापासून आमच्यासारखे पालक अधांतरी आहेत. 2017 मध्ये राज्याने शाळेत न जाता परीक्षा देता यावी म्हणून मुक्त विद्यालय मंडळ काढलं, पण पाचवीच्या परीक्षेला वय 10 पूर्ण लागतं. तोवर माझी मुलगी कुणाच्याच दप्तरी नाही. शालेय स्पर्धेत पोहायला उतरायचं तर बोनाफाईड आणा. ते आणायचं कुठून?

सक्तीच्या मी विरोधात नाही, हे नीट ऐका. 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी जोतीराव फुल्यांनी केली. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात ती अमलात आणली आणि मुलं न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला. तो दंड योग्यच होता. भिवंडीच्या वीटभट्टीवर आजही मुली असतात, त्यांच्या कडेवर खरंच भाऊ असतो. 'भावंडे सांभाळणे' हा रकाना त्यांचा आहे. माझ्या मुलीला तिथे बसवून तुम्ही त्या मुलींचीही नोंद खोटी केलीत. उद्या कुणी माझ्या मुलीचं नाव एखाद्या शाळेच्या पटावर चढवेल, आकडा एकने कमी होईल आणि काम झालं म्हणून अहवाल वर जाईल. वीटभट्टीवरची पोर तिथेच राहील.

याच जिल्ह्यात (बोर्डी, कोसबाड आता पालघरमध्ये, तेव्हा ठाण्यातच होतं) बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं सोडून येऊ शकत नाहीत म्हणून त्या शाळा घेऊन कुरणावर गेल्या. मुलाकडे पाहून शाळा बदलायची असते, हे इथल्या मातीतच सिद्ध झालंय. आणि तुमचं खातं? 2023 मध्ये पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली, 2025 मध्ये काढली. 2024 मध्ये राज्यभर एक गणवेश केला आणि त्याच वर्षी फिरवला. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आणला, 29 जूनला गुंडाळला. लाखो मुलांवर परिणाम करणारे निर्णय तुम्ही महिन्यांत फिरवता, आणि फॉर्मवर एक ओळ वाढवायला तेरा महिने पुरत नाहीत. इथे मुलाला कुणी बघतच नाही, बघतात तो पट, पोर्टल आणि टक्केवारी.

मला अनुदान नको, सवलत नको. सर्वेक्षणात 'घरी शिक्षण' असा रकाना द्या. वर्षातून एकदा कुणीतरी येऊन मुलांची तपासणी करा, मी दार उघडं ठेवीन, हव्या तेवढ्या वह्या दाखवीन. त्या तपासणीचा कागद द्या, म्हणजे मुलीला स्पर्धेत उतरता येईल. आणि सगळ्यात आधी ती खूण खोडा. मोठी रोज विचारते, "बदललं का?" आणि परवापासून धाकट्याला पाणी द्यायलाही कचरते.

गेल्या वर्षी जूनमध्ये दिलेल्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. आवक शिक्का स्पष्ट दिसतो.

आपली,
दोन मुलांची आई,
ठाणे (पश्चिम)