दोन आडनावांची पाटी

झाग्रेब,
क्रोएशिया,
रविवार, दुपारचे तीन

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फुटबॉलचे बूट तू आतेभावाला देऊन टाकलेस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. फोनवर विषय काढला असता, पण मागच्या खेपेला काढला तर "पप्पा, आवाज तुटतोय" म्हणून तूच फोन ठेवलास. म्हणून कागदावर लिहितोय. पानांचे फोटो काढून पाठवीन. एवढं लांबलचक मी दहावीच्या पेपरानंतर लिहिलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस.

इथल्या एका फुटबॉलवाल्याची गोष्ट सांगायची आहे. त्याच्या मागे माझंही एक सांगायचं आहे. ते लांबवायला म्हणून मी आधी दुसऱ्याची गोष्ट काढतोय असं तुला वाटेल. तसंच आहे.

सध्या आमची साइट माक्सिमीरच्या बाजूला आहे. मार्च २०२० मध्ये इथं भूकंप झाला, जुन्या विटांच्या इमारती तडकल्या. त्यांना आतून लोखंडी सांगाडा घालायचं काम अजून निघतंय, आणि म्हणूनच माझ्यासारख्या शिरोलीच्या वेल्डरला इथं भाकरी मिळते. सकाळी ११ नंबरची निळी ट्राम पकडायची आणि स्टेडियमपाशी उतरायचं. एका बाजूला मोठी झाडी असलेली बाग, दुसऱ्या बाजूला दिनामो क्लबचं मैदान. संध्याकाळी परतताना त्याच थांब्यावर निळ्या ट्रॅकसूटमधली पोरं भेटतात. परवा त्यातला एक, दहा-अकरा वर्षांचा असेल, फूटपाथच्या कडेला बसून बुटाचे स्टड दगडावर आपटत होता. वाळलेल्या चिखलाची गोल-गोल भोकांची वडी निघाली. ती त्याने उचलून दोस्ताच्या खिशात टाकली. मला आपला मागचा दरवाजा आठवला आणि तुझ्या आजीच्या शिव्या.

ही पोरं दिनामोच्या फुटबॉल शाळेतली. शाळेचं नाव 'हित्रेत्स-कात्सियान'. पहिले कितीतरी दिवस मी समजत होतो, हे एकाच माणसाचं नाव आणि आडनाव. हित्रेत्स नावाचा कुणी कात्सियान. आमच्या साइटवरचे म्हातारे मिस्त्री, त्यांना इथं 'मायस्टर' म्हणतात, हे ऐकून इतके हसले की त्यांच्या हातातला पाव खाली पडला. ही दोन माणसं आहेत म्हणाले. दोन आडनावं. दोघंही तरुणपणी गेले.

(नावाचा उच्चार सांगून ठेवतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी सी दिसला की तू 'हित्रेक' म्हणशील. त्यांचा सी म्हणजे आपल्या 'चारा'तला च, 'चार'मधला नव्हे. गोऱ्या लोकांना शिकावा लागतो तो उच्चार आपल्याला फुकट येतो. त्यामुळे मायस्टरांपुढे माझी थोडी इज्जत राहिली.)

मग रोज अकराच्या खाण्याच्या सुट्टीत, जिला ते गाब्लेत्स म्हणतात, थोडी थोडी गोष्ट ऐकली. अर्धी त्यांच्या हातवाऱ्यांतून, अर्धी फोनमधल्या भाषांतरातून. जे पटलं नाही ते नंतर तपासून घेतलं.

इवान हित्रेत्स, सगळे म्हणायचे इत्सो. जन्म झाग्रेबचाच, २७ फेब्रुवारी १९११. क्लब हाश्क. हा १९०३ साली कॉलेजच्या पोरांनी काढलेला क्लब, नावातच 'अकादमिक' आहे. आता दिनामो ज्या माक्सिमीरच्या मैदानावर आहे, ते मूळचं हाश्कचं, १९१२ पासूनचं. गावात दुसरा तालेवार क्लब ग्राजान्स्की, म्हणजे नागरिकांचा. कारागीर, दुकानदार, कामगार त्यांच्यामागे. तिसरा कोन्कोर्दिया. शिकलेल्यांचं मंडळ एक, कष्टकऱ्यांचं एक, आणि दोघांचा सामना असला की घराघरांत दोन तट. मायस्टरांना म्हटलं, यातलं मला काही समजावून सांगू नका, मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलोय.

इत्सो हाश्कचा फॉरवर्ड. चेंडू पायाला चिकटल्यासारखा ठेवून दोघा-तिघांना चकवायचा आणि गोलही करायचा. एकट्याने खेळणारे बहुतेक गोल करत नाहीत आणि गोल करणारे बहुतेक चकवत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मधे थोडा काळ तो स्वित्झर्लंडला झुरिकच्या ग्रासहॉपरकडून खेळला आणि परत हाश्कला आला. देशाकडून १४ सामने, ९ गोल. देश म्हणजे तेव्हाचा युगोस्लाव्हिया. क्रोएशिया वेगळा नव्हता, सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन सगळे एका राजाच्या छत्राखाली.

आता मुद्द्याचं.

१९३० साली उरुग्वेत पहिला वर्ल्ड कप झाला. युगोस्लाव्हियाचा संघ फ्रान्समधून 'फ्लोरिडा' नावाच्या बोटीने गेला. त्या संघात झाग्रेबच्या आणि क्रोएशियातल्याच स्प्लिट शहराच्या क्लबांचा एकही खेळाडू नव्हता. तेव्हा झाग्रेब म्हणजे तिथल्या फुटबॉलची राजधानी. १९१९ साली देशाची फुटबॉल संघटना निघाली तीही झाग्रेबमध्ये. पण देशाची राजधानी बेलग्रेड, आणि २० जून १९२८ ला तिथल्या संसदेत, चालू सभेत, क्रोएटांचा पुढारी स्त्येपान रादिच याच्यावर गोळ्या झाडल्या. दीड महिन्याने तो गेला. १९२९ च्या ६ जानेवारीला राजाने संसद बंद करून सगळी सत्ता हातात घेतली. आणि त्याच ओघात फुटबॉलचं मुख्य कार्यालयही झाग्रेबहून उचलून बेलग्रेडला नेलं. झाग्रेबवाले पेटले. आमचे खेळाडू देणार नाही म्हणाले. बहिष्कार.

मी मायस्टरांना विचारलं, बरोबर केलं का? ते म्हणाले, अर्थातच. आणि मलाही वाटतं, बरोबरच केलं. आपण वाढवलेली संघटना कुणी गाडीत घालून घेऊन जातंय आणि आपण पोरांच्या बॅगा भरून द्यायच्या, हे कुणालाच जमलं नसतं.

पण तेव्हा इत्सो होता १९ वर्षांचा. त्याला घेतलाच असता असं मी छातीठोक म्हणत नाही. निवड म्हणजे काय चीज आहे ते आपण दोघं जाणतो. दारच बंद होतं, एवढंच.

बेलग्रेडच्या बीएसके क्लबचा एक विंगर त्या बोटीवर होता, अलेक्सांदर तिर्नानिच. तोही १९ वर्षांचा. १४ जुलै १९३० ला मोंतेविदेओमध्ये ब्राझीलशी सामना झाला. दुसऱ्या दिवशी तिर्नानिच विशीत जाणार होता, आणि आदल्या दिवशी त्याने ब्राझीलवर गोल केला. २-१ ने जिंकले. सेमीफायनलला उरुग्वेने ६-१ ने धुतले ती गोष्ट वेगळी. यातली गंमत बघ, ब्राझीलसुद्धा अर्धाच आला होता. त्यांच्याकडे साओ पाउलोच्या संघटनेचं रिओवाल्यांशी बिनसलं होतं, म्हणून तिथले खेळाडू, एखादा सोडला तर, आलेच नाहीत. म्हणजे समुद्रापलीकडे जाऊन दोन संघ भिडले, आणि दोघांचीही निम्मी माणसं आपापल्या ऑफिसांच्या भांडणापायी घरी.

मी मनात म्हटलं, ठीक आहे, चार वर्षांनी परत येतोच की वर्ल्ड कप. तर १९३४ ला युगोस्लाव्हिया पात्रच झाला नाही, रुमानियाने बुखारेस्टला २-१ ने बाहेर काढलं. १९३८ ला पोलंड आडवा आला. वॉर्सात ४-० खाल्ले होते, घरी १-० जिंकून काय होणार? पुढचा वर्ल्ड कप १९५० ला. तोवर इत्सोच नव्हता.

मधल्या काळात चांगलं काही झालं नाही असं नाही. १९३८ साली हाश्क देशाचा चॅम्पियन झाला आणि इत्सो त्या संघात होता. ग्राजान्स्कीने विजेतेपद पाच वेळा मारलं, कोन्कोर्दियाने दोनदा, हाश्कने हे एकदाच. आयुष्यात एकदा मिळालेल्या कपाची किंमत काय असते, हे मायस्टरांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. त्यांचे आजोबा हाश्कवाले. नातवाने तो कप पाहिलेला नाही, पण सांगताना छाती अशी काढतो की जणू याच्याच पासवर गोल झाला.

मग लढाई आली. १९४१ मध्ये देश फुटला, इथं नाझींच्या पंखाखाली उस्ताशींचं, म्हणजे इथल्याच फॅसिस्टांचं, राज्य आलं. ज्यू, सर्ब, रोमा यांची जी कत्तल झाली त्याबद्दल मायस्टर बोलायला लागले की पाव खाली ठेवतात. क्लब मात्र त्या काळातही खेळत राहिले. १९४५ ला कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हा त्यांनी हाच हिशेब काढला आणि हाश्क, ग्राजान्स्की, कोन्कोर्दिया तिन्ही एका फटक्यात बंद केले. त्याच साली जून महिन्यात दिनामो उभा राहिला. रंग ग्राजान्स्कीचा निळा, आणि मैदान काही वर्षांनी हाश्कचं. काढणाऱ्यांमध्ये इत्सो होता. ज्याचा क्लब सरकारने मोडला तोच सरकारी परवानगीच्या नव्या क्लबाची मोट बांधायला बसला. इथं मी जरा थांबलो. मला ते जमलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

१६ ऑगस्ट १९४६ ला तो गेला, ३५ वर्षांचा होऊन. दुसरा, रात्को कात्सियान, हाही हाश्कमधून दिनामोत आलेला, तो १९४९ ला बत्तिशीत गेला. आणि तो बोटीवर गेलेला तिर्नानिच? तो १९९२ पर्यंत जगला. १९६० च्या रोम ऑलिंपिकला युगोस्लाव्हियाने सुवर्ण जिंकलं तेव्हा संघाचा कोच तो होता.

आता माझं.

मार्चमधल्या त्या परगावच्या स्पर्धेतून आपल्या फुटबॉल मंडळाने माघार घेतली. पंचाच्या निर्णयावरून बाचाबाची झाली, संयोजक उलट बोलले, आणि रात्री दहाला आपल्या मंडळींची बैठक बसली, हे तुला माहीत आहे. त्या बैठकीत मला फोन लागला होता, हे तुला माहीत नाही. स्पीकरवर टाकला होता. जुना खेळाडू म्हणून माझं मत विचारलं. इथं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच, मी ट्राममध्ये उभा. मी म्हटलं, "इज्जतीचा प्रश्न आहे. एक मिनिट थांबू नका, पोरांना घेऊन परत या." दोघे-तिघे गप्प होते, त्यांनाही माझ्या आवाजाने जोर चढला असणार. आपण लांबून बोललो की आपला आवाज जरा जास्तच ठाम येतो.

दुसऱ्या दिवशी त्या मैदानावर निवडीचे लोक बसले होते, हे मला आठवड्याने कळलं. तू बॅग भरून टेम्पोत मागे बसून आलास, आणि घरी आल्यावर जेवला नाहीस, हेही तेव्हाच कळलं. तुला विचारावं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी तुझा बाप म्हणून बोललो नव्हतो, मंडळाचा माणूस म्हणून बोललो होतो. संयोजकांचं वागणं वाईटच होतं, ते मी आजही म्हणतो. पण टेम्पोत मागे मी नव्हतो बसलो.

मायस्टरांना हे सांगितलं. वाटलं, ते म्हणतील बरोबर केलंत, इज्जत महत्त्वाची. ते काही बोललेच नाहीत. डब्यातला खारवलेल्या मांसाचा तुकडा कापून माझ्यापुढे सरकवला, मग आठवलं की मी शनिवारचं खात नाही, तेव्हा परत ओढून घेतला.

तू खेळ की नको खेळू, याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. बूट परत माग असंही म्हणत नाही. तो पोरगा खूश असेल, त्याला वापरू दे.

बाकी ठीक. थंडी गेली, आता हातमोजे काढून रॉड धरता येतो. पैसे पाच तारखेपर्यंत जमा होतील, त्यातले आजीच्या डोळ्याचे बाजूला ठेवायला आईला सांग. गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक तू बदललास म्हणे, बरं केलंस, प्लंबर चारशे घेऊन गेला असता.

आणि एक. स्टेडियमच्या पलीकडे खेळाच्या सामानाचं दुकान आहे, तिथं आता सेल लागलाय. मी दोनदा आत जाऊन आलो. इथले नंबर वेगळे असतात, ४२, ४३ असे. तुझा पाय गेल्या वर्षात वाढलाय का ते मला माहीत नाही. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखून त्याचा फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून. पाहिजे असतील तरच.

तुझा,
पप्पा