जुने भाग-दाखले रद्दीत घालू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा होत होता. रद्दीवाल्याच्या गाडीवर पंचांगांच्या खाली जुन्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि भाग-दाखल्यांचा, म्हणजे शेअर सर्टिफिकेटांचा, गठ्ठा दिसला. मी खाली उतरेपर्यंत वजन झाले होते. चार दाखले पैसे मोजून सोडवले, बाकीचे गेले. ती रुखरुख अजून जात नाही.

मराठी माणसाला शेअर कळत नाहीत, हे वाक्य आपण फार सहज बोलतो. पण आपल्या लोकांनी किती जोखीम पत्करून भाग घेतले, ते पाहा. १८५० च्या कायद्याने आपल्याकडे कंपनीची नोंदणी करता येऊ लागली, पण भागधारकाची जबाबदारी अमर्याद होती. कंपनी बुडाली की धनको त्याच्या घरादारापर्यंत येऊ शकत. मर्यादित जबाबदारी, म्हणजे भागाच्या रकमेपुरताच तोटा, आली १८५७ मध्ये, बँकांना तर १८६० मध्ये. कावसजी दावर यांच्या मुंबईतील गिरणी कंपनीत १८५४ साली ज्यांनी पैसे घातले, त्यांना हे संरक्षण नव्हते. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ मध्ये सगळे कोसळले. शेअर तारण घेऊन कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

एवढे होऊनही पुढच्या पंचवीसेक वर्षांत पुण्यातले लोक भाग घेत होते, याचे मला फार अप्रूप वाटते. मुंढव्याची डेक्कन पेपर मिल १८८५ ची. १८९० मध्ये न्या. रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली. त्या सुमारास शहरात कापूस-रेशमाची गिरणी, धातूचा कारखाना, रंगाईची कंपनी, रे पेपर मिल आणि मर्कंटाइल बँकही उभी राहत होती. आपल्याकडे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात बलवान आहे, असे रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात सांगितले. अशा समाजात आप्त नाही, जातीचा नाही, अशा माणसाच्या हाती पैसा सोपवायचा! पेढीतली भागीदारी वेगळी, तिथे समोरच्याचे घर ठाऊक असते.

या विश्वासाचा गैरफायदाही घेतला गेला. मुंबईच्या गिरण्यांत मॅनेजिंग एजंटांचे, म्हणजे कंपनीचा कारभार करारावर चालवणाऱ्या पेढ्यांचे, कमिशन पूर्वी सुताच्या रत्तलामागे पाव आणा असे. नफा होवो न होवो, सूत निघाले की कमिशन लागू. म्हणून माल पडून असतानाही चात्या फिरत राहत आणि भागधारक लाभांशाची वाट पाहत बसे. ही एजन्सी पद्धत कायद्याने बंद व्हायला १९७० उजाडले.

आमचे पणजोबा शाळामास्तर होते. त्यांच्या नावचा एका कारखान्याचा दाखला घरात आहे. कारखाना केव्हाच बुडाला. भागाची रक्कम हप्त्यांनी भरायची होती; मागच्या बाजूला तीन हप्ते भरल्याच्या नोंदी आहेत, चौथ्याची जागा कोरी. कारखाना आधी थांबला की मास्तरांचे पैसे आधी संपले, हे सांगायला आता घरात कोणी नाही.

टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग १९०७ मध्ये सुमारे ८,००० लोकांनी तीन आठवड्यांत उचलले, हे पुस्तकांत सापडते. पण आपल्या शहरातल्या रंगाईच्या कंपनीचे भाग वकिलांनी घेतले, व्यापाऱ्यांनी की मास्तरांनी? कोणाचे हप्ते थकले? हे सांगणारे कागद माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत आणि वाडे तर रोज पडताहेत.

म्हणून वाचकांना विनंती, की ट्रंक रिकामी करताना दाखले, अहवाल, हप्त्यांच्या नोटिसा बाजूला काढा. कंपनी आजही चालू असेल, तर आधी वारसाहक्क तपासा. बाकीच्या कागदांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय यांनी एखादा स्वतंत्र संग्रह सुरू करावा. माझे चार दाखले आणि पणजोबांचा पाचवा, असे पाचही मी त्यासाठी द्यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे